जड घडीची ई-सायकल गाडीच्या डिकीत दोघांनी कशी चढवावी? (वय ५७ + ६३, कंबर एकच धड)

संथ_चालवा

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मुलाने दिवाळीत आम्हाला घडीची ई-सायकल घेऊन दिली. वीस इंची चाकं, चार इंची जाडजूड टायर, मागच्या चाकात मोटर. चालवायला सुख आहे, माझे गुडघे तिला दुवा देतात. पण आम्ही राहतो कोथरूडला. कर्वे रस्त्यावर सायकल चालवायची हिंमत या वयात नाही. म्हणून बेत असा, की रविवारी पहाटे गाडीत टाकायची, खडकवासल्याच्या पुढे पानशेत रस्त्याला लागायचं आणि तिथे आलटून पालटून चालवायची. एकाने सायकल, दुसऱ्याने मागून गाडी. उन्हाळ्यात दापोलीला नणंदेकडे न्यायचाही विचार आहे.

दुकानदार म्हणाला होता, "काकू, फोल्डिंग आहे, कुठल्याही डिकीत आरामात जाते." डिकीत जाते हो. पण डिकीपर्यंत कशी जाते ते त्याने सांगितलं नाही.

कागदावर वजन २३ किलो लिहिलंय. माझा विश्वास बसेना, म्हणून रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला लटकवली. २७.४ किलो! तो बिचारा म्हणाला, "काकू, रद्दीत देताय का?" गेल्या रविवारी ह्यांनी एकीकडून धरली आणि मी दुसरीकडून. उचलली, निम्म्यात आलो आणि घडीचा चुंबक सुटला. हँडल गर्रकन उघडून ह्यांच्या हनुवटीला लागलं, पेडलने बंपरवर वीतभर ओरखडा काढला आणि माझ्या कंबरेत अशी चमक भरली, की चार दिवस वाकून केर काढता आला नाही. (ह्यांनी काढला. तेवढाच फायदा.)

गाडी वॅगनआर आहे, मागचं सीट पडतं. डिकीचा उंबरा जमिनीपासून ७० सेंमी, टेपने मोजलाय. तिसरा माणूस मिळणार नाही असं धरून उपाय सांगा. "वॉचमनला बोलवा" सांगू नका. पहाटे सहाला तो झोपलेला असतो, आणि पानशेतला वॉचमन नसतो.

टवाळखोर

सायकल गाडीत घालून न्यायची, तिथे एकाने ती चालवायची आणि दुसऱ्याने मागून पेट्रोल जाळत यायचं. पर्यावरणाचा विजय असो. गंमत करतोय, हलकं घ्या काकू.

नट_बोल्ट

पहिल्या प्रतिसादातच टवाळी नको रे.

ताई, आधी वजन कमी करू. बॅटरी काढलीत का उचलण्याआधी? तुमच्या प्रकारच्या बऱ्याच सायकलींत बॅटरी मधल्या जाड नळीच्या पोटात असते. सायकल निम्मी दुमडली, की नळीचं तोंड उघडं पडतं आणि बॅटरी तिथून सरकवून बाहेर येते. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं, ते चार्जरची पिन बाहेरून लावतात आणि बॅटरी आत जन्मभर राहते. तीन-साडेतीन किलो तिथेच गेले.

नंतर सीट. सीटची नळी लोखंडी असली तर सीटसकट दीड किलोच्या वर भरते. क्लॅम्प सैल करून सरळ उपसून काढा. मागचं कॅरियर चार स्क्रूंवर असतं. पानशेतला भाजी आणायची नसेल तर कायमचं काढून टाका. कुलूपाची साखळी सायकलला गुंडाळलेली असते, तीही बऱ्याचदा किलोभर असते.

आणि हँडल उघडलं त्याला चुंबकाचा दोष नाही. तो चुंबक सायकल उभी असताना दोन चाकं एकत्र राहावीत एवढ्यापुरता असतो, आडवी करून उचलली की सुटणारच. जुन्या ट्यूबची पट्टी कापा आणि घडी झाल्यावर दोन्ही चाकं मिळून घट्ट बांधा. हँडलच्या दांड्याला दुसरी पट्टी. पंक्चरवाला ट्यूब फुकट देतो.

संथ_चालवा

बॅटरी आत होती!! कुठल्या भोकातून निघते ते आत्ता रात्री साडेदहाला दोघांनी पार्किंगमध्ये जाऊन बघितलं. किल्ली अर्धा फेरा उलटी फिरवायची होती. निघाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३.३ किलो.

कॅरियर काढून ठेवते. सीटच्या नळीचं सांगितलंत ते बरं केलंत, त्या नळीवर किती खोल घालायची त्याची रेघ आहे, ती पुसट झाली होती. नेलपॉलिशने परत काढली.

हाडांची_काळजी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे कुणावर उपचार करत नाही, पण दोन गोष्टी सांगते.

वजन किती हा निम्माच प्रश्न. ते अंगापासून किती लांब आणि किती खाली आहे हा उरलेला निम्मा, आणि जास्त घातक. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याचा वजन उचलण्याचा एक ढोबळ तक्ता आहे. हात कमरेच्या उंचीवर आणि ओझं पोटाशी धरलेलं असेल, तर पुरुषासाठी २५ किलो आणि बाईसाठी १६ किलो. तेच ओझं गुडघ्याच्या उंचीवर आणि हात लांब करून धरलं, तर १० आणि ७. दोघांनी मिळून उचललं तर नुसती बेरीज करायची नाही, बेरजेचे दोन-तृतीयांश धरायचे. कारण दोघं एकाच क्षणी, एकाच वेगाने कधीच उचलत नाहीत.

आता तुमची सायकल बघा. घडी केल्यावर ती दीड-पावणेदोन फूट जाड गाठोडं होते, म्हणजे अंगाशी धरताच येत नाही. हिशेबाने तुम्हा दोघांच्या वाट्याला तिथे येतात जेमतेम ११ किलो, आणि तुम्ही उचललेत २७. कमरेत चमक भरली यात नवल नाही. तेच ओझं कमरेच्या उंचीवर अंगाशी असतं, तर तक्त्यात २७ बसतात. हे आकडे धडधाकट कामकरी माणसांचे आहेत. साठीच्या आसपास त्याहून कमीच धरा.

दुसरी गोष्ट, तुमची वेळ. झोपेतून उठल्यावर पहिला तास-दीड तास मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकून उचललं तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. सायकल आदल्या संध्याकाळीच गाडीत ठेवा. आणि वळू नका! पाय न हलवता कंबरेतून वळणं हे वजनापेक्षा वाईट. डिकीकडे तोंड करूनच उचला, बाजूने उचलून आत वळवू नका.

नागपुरी_संत्रं

अरे बाप्पा, एवढं काऊन करून राहिले? पार्किंगच्या बीमले चेनकप्पी टांगा. गॅरेजवाले इंजिन उचलतात तशी. बोटभर ताकद लागत नाही. सायकल वर, गाडी खाली रिव्हर्स, सोडा.

टवाळखोर

आणि पानशेतला उतरवताना कप्पी चिंचेच्या झाडाला टांगायची? परत चढवताना माकडं मदत करतील.

नागपुरी_संत्रं

हं. हे डोक्यात नाही आलं.

एडिसनकर

न्यूजर्सीहून राम राम. इकडे ही डोकेदुखी घरोघरी आहे, कारण इकडच्या घडीच्या ई-सायकली ३० किलोंच्याही वर जातात. त्यात आमच्या शेजारच्या काकांची सायकल म्हणजे लहान म्हैस.

इकडे लोक गाडीच्या मागे हिच रॅक लावतात. गाडीखाली दोन इंची चौकोनी नळीचा रिसीव्हर बसवलेला असतो, त्यात रॅक घुसवायचा, त्याला स्वतःची छोटी घसरगुंडी असते, सायकल तिच्यावरून ढकलत चढवायची. उचलणं नाहीच. पण रॅक घेताना एका सायकलचं जास्तीत जास्त वजन किती चालतं ते वाचा. साध्या सायकलींचे रॅक साधारण १६ ते २० किलोंवरच थांबतात. डिकीच्या झाकणाला पट्ट्यांनी बांधायचे रॅक तर ई-सायकलला वापरूच नका. माझ्या एका मित्राने वापरला, हायवेवर आरशात बघतो तर सायकल डांबराला रंग देत चाललेली. आणि रॅक कुठलाही असो, बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवायची.

अजून एक. "पुढच्या वेळी येताना अमेरिकेहून चांगली ई-सायकल घेऊन ये" असं भाच्याला सांगू नका. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) बॅटरी चालते, विमान कंपनीने परवानगी दिली तर १६०. ई-सायकलची बॅटरी ४००-५०० च्या घरात असते. ती सामानातही नाही आणि हातातही नाही.

नट_बोल्ट

हिच रॅक वॅगनआरला जड आहे, आणि मागे टांगलेल्या सायकलने नंबरप्लेट आणि दिवे झाकले तर चौकाचौकात पावती. पुण्यात तरी मी सांगणार नाही. टपावर तर नकोच. ७० सेंमी जमत नाही तिथे दीड मीटरच्या वर कोण उचलणार.

ताई, एक खुलासा. तुमच्या सायकलवर थ्रॉटल (पिळला की पेडल न मारता मोटर सायकल पळवते तो) आहे का? मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तरच नोंदणी नको, लायसन नको. काही दुकानदार जास्त ताकदीच्या मोटरी "सगळं चालतं" म्हणून विकतात. मोटरवरचा आकडा एकदा बघून ठेवा.

संथ_चालवा

२५० लिहिलंय. थ्रॉटल आहे. वेग २५ च्या पुढे जात नाही, हे मी नव्हे, ह्यांनी तपासलंय. मला १५ लाच रामरक्षा आठवते.

लाडघरची_सून

दापोलीचं नाव वाचलं आणि लॉगिन केलं! ताई, लाडघरला याल तर घरी या.

आमच्याकडे खाडीत होडीत मोटारसायकल चढवतात ते बघितलंय का कधी? फेरीबोट व्हायच्या आधी तर सगळीकडे तसंच होतं. एक फळी. जाड, लांब, टोकाशी थोडी तासलेली. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, पाय घसरू नये म्हणून. एक जण हँडल धरून पुढे, एक मागून रेटतो, आणि दीडशे किलोची मोटारसायकल होडीत. उचलत कोणीच नाही. तुम्ही २४ किलोचं काय घेऊन बसलात? सुताराकडून फळी करून घ्या.

बाकी वाळूवर नेऊ नका हो सायकल. गेल्या मे मध्ये आमच्याकडे पाहुणे आलेले, भरतीच्या रेषेवरून झोकात चालवली. महिन्याभरात साखळी लाल आणि मोटरच्या वायरीच्या जोडात हिरवा थर. खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या हाताने पुसून काढायची. पाइपने जोरात पाणी मारलंत तर आत शिरेल.

नट_बोल्ट

फळीला अनुमोदन. गणित सोपं आहे. ७० सेंमी चढ आणि २१० सेंमी फळी, म्हणजे तिनास एक. बॅटरी काढून २४ किलो राहतात, त्याच्या तिसरा हिस्सा म्हणजे ८ किलोंचा रेटा, वर चाकाच्या घर्षणाचं थोडं. फळी आखूड केली की रेटा वाढला. दीड मीटरच्या फळीला ११ च्या वर लागतील. पण फळीवरून चढवायची तर घडी न करता, चाकांवर न्यावी लागेल. हँडल दुमडा, सीट काढा, मग उंचीत बसते का बघा.

टायरमधली हवा तपासा. जाड टायर मऊ असला की फळीवर चिकटून बसतो.

६६_नाबाद

मी ६६ वर्षांचा आहे, एकट्याने चढवतो, गेली दोन वर्षं. माझी सायकल २५ ची आहे. वर बऱ्याच जणांनी बरंच लिहिलंय, पण उचलायचं कसं हाच विचार सगळे करताहेत. उचलायचीच नाही. टेकवायची आणि मग ढकलायची.

सांगतो. घडी केलेली सायकल डिकीच्या समोर, बंपरला लागून उभी करायची. उंबऱ्यावर जुनी गोधडी दुहेरी करून टाकायची, निम्मी आत, निम्मी बंपरवरून खाली लोंबती. गोधडीच हवी. सतरंजीवरून टायर सरकत नाही, आणि प्लास्टिकवरून फार सरकतं. मग एक टोक, फक्त एकच टोक, उचलून उंबऱ्यावर टेकवायचं. दुसरं टोक जमिनीवरच असतं, त्यामुळे निम्मंच वजन हातात येतं. ते टेकलं की थांबायचं. श्वास घ्यायचा. घाई करणाऱ्याचीच हनुवटी फुटते. मग खाली बसून (वाकून नाही, बसून) दुसरं टोक धरायचं आणि उभं राहता राहता पुढे लोटायचं. वजन उंबऱ्यावर असतं, आपण नुसती दिशा देतो. गोधडीसकट सायकल आत सरकते. उतरवताना गोधडीचं टोक ओढायचं, सायकल आपोआप उंबऱ्यापर्यंत येते.

साखळी आणि गिअर उजव्या बाजूला असतात, म्हणून आत गेल्यावर सायकल डाव्या अंगावर निजवायची. गिअरवर निजवली की पुढच्या रविवारी साखळी कुरकुरलीच समजा. ब्रेकच्या चकतीला तेलकट हात लावू नका.

नट_बोल्ट

६६ काका, साष्टांग. फक्त एक शंका. आधी कुठलं टोक? मोटर मागच्या चाकात, म्हणजे मागची बाजू जड. जड टोक आधी टेकवलं तर पहिल्यांदा जास्त उचलावं लागेल, पण मग दुसऱ्यांदा, जेव्हा उचलून शिवाय ढकलायचं आहे, तेव्हा हलकं टोक हातात येईल. मी जड आधी म्हणेन.

६६_नाबाद

कागदावर बरोबर. पण घडीत दोन्ही चाकं शेजारी शेजारी येतात हो, मोटरवालं चाक आणि बिनमोटरचं एकाच बाजूला. जड बाजू म्हणजे चाकांची बाजू. दुसरी बाजू बिजागरीची. मी बिजागरीची बाजू आधी टेकवतो, कारण तिथे धरायला नळी आहे. चाकाला कुठे धरणार? स्पोक धरलेत तर वाकतील, चकती धरलीत तर बोट कापेल. वजनापेक्षा पकड महत्त्वाची.

नट_बोल्ट

हे मान्य. माझी घडीची नाही, त्यामुळे हे सुचलं नाही.

भाऊचा_धक्का

मुंबईकरांसाठी अवांतर. अलिबागकडे जायचं असेल तर गाडीच नको. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट (गाड्या चालवत आत चढवता येतात ती) आहे, तासाभराचा प्रवास. सायकल चालवत आत, चालवत बाहेर. कुणाची कंबर नाही, कुणाची हनुवटी नाही.

टवाळखोर

कोथरूडहून भाऊचा धक्का किती किमी हो?

भाऊचा_धक्का

म्हणून अवांतर लिहिलंय ना वर.

हाडांची_काळजी

६६ काकांची पद्धत वाचून आनंद झाला. मी पेशंटना शिकवते तेच आहे. आत ठेवल्यावर ती बांधता का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. सीट पाडलेलं असेल तर सायकल आणि पुढच्या माणसाची पाठ यांच्यामध्ये फक्त पुढच्या सीटचा फोम असतो.

नट_बोल्ट

अगदी. ताशी ५० किमीने जाताना गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतली मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. ५० चा वेग म्हणजे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, पडल्यावर येतो तेवढा. २४ किलोची सायकल तिसऱ्या मजल्यावरून कुणाच्या पाठीत पडावी असं वाटत नसेल तर बांधा. डिकीत कडेला कड्या असतील तर त्यांना, नसतील तर मागच्या बेल्टच्या बकलांतून पट्टा ओवून. ट्रकवाल्यांकडे मिळतो तो रॅचेटचा पट्टा घ्या, सुती दोरी ताणली की ढिली पडते.

बॅटरी पुढच्या सीटखाली किंवा पायापाशी, चादरीत गुंडाळून. उन्हात गाडी बंद करून बॅटरी आत सोडून जेवायला बसू नका, मे महिन्यात तर नाहीच. पिशवीत घालून सोबत न्यायची. हॉटेलवाला विचारेल काय आहे, सांगायचं डबा आहे.

संथ_चालवा

आज इतकं शिकले. गोधडी सापडली. सुतार उद्या येतोय फळीचं माप घ्यायला. ह्यांचा फळीवर भारी जीव जडलाय. रेटा ८ किलो, रेटा ८ किलो असं चहा पितानाही पुटपुटतात. पुढच्या रविवारनंतर लिहिते.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. माझ्याकडे ई-सायकल नाही. गाडी पण नाही.

एडिसनकर

फळीवरून चढवताना चाल-मदत वापरू नका, म्हणजे ते बटण दाबलं की सायकल आपोआप पायी चालण्याच्या वेगाने पुढे सरकते ते. आणि थ्रॉटल तर मुळीच नाही. माझ्या त्याच मित्राने (हो, तोच, डांबर रंगवणारा) फळीवर थ्रॉटल पिळला. सायकल फळी, उंबरा सगळं ओलांडून पुढच्या सीटच्या पाठीला जाऊन धडकली. बॅटरी काढून मगच फळीवर.

संथ_चालवा

तीन रविवार झाले, आता लिहिते.

पहिला रविवार फळीचा. सुताराने सागाची नाही, पाइनची फळी केली, मधोमध बिजागऱ्या, म्हणजे दुमडून गाडीत राहावी. २१० सेंमी, आडव्या पट्ट्या, टोकाला रबर. अठराशे रुपये. ह्यांनी तिला वॉर्निशही मारलं. सायकल चढली! रेटा खरंच कमी लागला. पण वॅगनआरचं झाकण वर उघडतं आणि सायकल चाकांवर उभी असताना तिच्या हँडलची दांडी बरोबर झाकणाच्या चौकटीला अडकते. दुमडूनही अडकते, चार बोटांनी. मग फळीच्या टोकाला सायकल, सायकलच्या मागे मी, आणि हे आत डिकीत गुडघ्यावर बसून हँडल वाकवताहेत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बाल्कनीतून विचारलं, "बाहेर काढताय की आत घालताय?"

शिवाय फळी स्वतः सात किलोंची. तीही चढवायचीच.

दुसरा रविवार ६६ काकांच्या पद्धतीचा. गोधडी, बिजागरीचं टोक आधी, थांबायचं, श्वास. छान जमलं. फक्त एक अडचण, काका. उंबऱ्याच्या आत डिकीचा खड्डा आहे, आणि पाडलेलं सीट त्याहून वीतभर उंच. सायकल उंबऱ्यावरून आत घसरते ती खड्ड्यात, आणि मग सीटच्या पायरीला अडते. तिथून पुढे ढकलायला परत जोर. आता खड्ड्यात दोन जुन्या उशा आणि वर प्लायचा तुकडा टाकलाय, सगळं एका पातळीत आलं. हे लिहून ठेवते, कारण हॅचबॅकवाल्या कुणालाही हीच अडचण येईल.

आणि खाली बसून उठताना माझा उजवा गुडघा. तो काही ऐकेना.

तिसऱ्या रविवारी ह्यांनी माळ्यावरून सासूबाईंची घडवंची काढली. पिंप ठेवायची, ठेंगणी, भक्कम. बंपरला लावून ठेवली. दोघांनी मिळून सायकल आधी घडवंचीवर, उंची फक्त गुडघ्याएवढी, आणि ठेवून दिली. तिथे ती उभी राहते, पडत नाही, कारण एका बाजूला बंपर आहे. आता नळी माझ्या कमरेशी आली. वाकायचं नाही, बसायचं नाही. तिथून बिजागरीचं टोक गोधडीवर, आणि लोटली. चाळीस सेकंद. ह्यांनी मोबाइलवर वेळ लावली होती. सीट, बॅटरी, कॅरियर काढून वजन आता २१ च्या आत आहे. परत रद्दीवाल्याकडे गेले होते, त्याने या वेळी काही विचारलं नाही, नुसता काटा पुढे केला.

उतरवताना उलटं. आधी घडवंचीवर, मग जमिनीवर. पानशेतच्या अलीकडे एका टपरीवर भजी खाल्ली, टपरीवाल्या मावशी घडवंचीवर बसून आमच्याशी गप्पा मारत होत्या. विकत मागत होत्या.

हाडांची_काळजी

ताई, ही घडवंची म्हणजे तक्त्यातले गुडघ्याचे आकडे सोडून कमरेच्या आकड्यांत जाणं. मी क्लिनिकमध्ये हे सांगणार आहे, तुमचं नाव न घेता. जमिनीवरून घडवंचीवर ठेवताना तेवढा सांभाळा, कंबर वाकवू नका, गुडघे थोडेच दुमडा.

६६_नाबाद

दोन वर्षं उंबऱ्यापर्यंत निम्मं टोक एका दमात नेत होतो. मधे टेकू दिला नाही, सुचलंच नाही. उद्या भाजीवाल्याचा क्रेट आणतो.

नट_बोल्ट

क्रेट नको काका, त्याचा तळ जाळीचा असतो, टायर अडकतो, आणि एका कडेवर भार आला की उलटतो. लाकडीच घ्या, चारही पाय बाहेर फाकलेले.

टवाळखोर

अठराशेच्या फळीचं काय झालं?

संथ_चालवा

बाल्कनीत आहे. दोन खुर्च्यांवर आडवी टाकते, सांडगे वाळायला. वॉर्निश मारलेलं असल्यामुळे खाली कापड घालावं लागतं.

लाडघरची_सून

फळी फुकट नाही गेली, इकडे घेऊन या, होडीला लागेल. आणि घडवंचीची उंची नेमकी किती, ते लिहा ना. माझ्या सासऱ्यांना करून घ्यायची आहे, त्यांची ३० किलोची आहे आणि ऐकत कुणाचं नाहीत.

संथ_चालवा

३४ सेंमी. वरचा पाट ४५ बाय ४५. तुमची डिकी किती उंच आहे ते आधी मोजा, घडवंची निम्म्यावर यायला हवी.

लाडघरची_सून

डिकी नाही हो, टेम्पो आहे. मग दोन कराव्या लागतील, एक लहान एक मोठी.